काळ्या पाषाणातील हिरवा स्फटिक

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडला, तर कोठेही विहीर खोदावयास घेतली की थोड्याच खोलीवर मुरूम संपतो आणि काळा पाषाण लागतो. हा पाषाण सर्वत्र एकसारखा नसतो. त्याचे काही थर इतके घट्ट असतात की पहारेचा घाव उलटून येतो; काही थर मात्र लहानमोठ्या पोकळ्यांनी भरलेले असतात. सुरुंग उडाल्यावर या पोकळ्या उघड्या पडतात आणि त्यांच्या आतील अंगाला पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे स्फटिक चमकताना दिसतात. खोदणारी माणसे त्या सर्वांना सरसकट 'गारगोटी' म्हणतात आणि निघालेल्या दगडांबरोबर ढिगावर टाकून देतात. एखादा स्फटिक ठसठशीत हिरवा निघाला तर मात्र गावात लगोलग बोलवा होते की पाचू सापडला.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींपासून गावाचे नुकसान होते. पहिलीमुळे कोट्यवधी वर्षांत घडलेली वस्तू घणाखाली चुरा होऊन रस्त्याच्या खडीत जाते. दुसरीमुळे शेतकरी कोणा फिरत्या दलालाच्या हाती सापडतो आणि बहुधा पैसा व वस्तू दोन्ही गमावून बसतो. काळ्या पाषाणात सापडणारा हा हिरवा स्फटिक पाचू नव्हे. बहुतेक वेळा तो 'अपोफिलाइट' या खनिजाचा हिरवा प्रकार असतो. हे खनिज महाराष्ट्राचे भूषण आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जगातील मोठ्या खनिजसंग्रहालयांत हिरव्या अपोफिलाइटाचे जे उत्तम नमुने मांडलेले आहेत, त्यांच्याखालील चिठ्ठीवर बहुधा 'पूना, इंडिया' असेच लिहिलेले असते.

अपोफिलाइट हे नाव फ्रेंच खनिजवैज्ञानिक रेने-ज्युस्त आउई यांनी १८०६ मध्ये दिले. ग्रीक भाषेतील 'दूर' आणि 'पान' या अर्थाच्या दोन शब्दांपासून ते बनविलेले आहे. हा स्फटिक तापविला असता त्यातील पाणी निघून जाते आणि तो पापुद्रे सुटल्याप्रमाणे उकलतो; त्यावरून हे नाव. रासायनिक दृष्ट्या तो पोटॅशियम व कॅल्शियम यांचे सजल सिलिकेट असून त्यात फ्लोरीन किंवा त्याच्या जागी हायड्रॉक्सिल असते. महाराष्ट्रात आढळणारा प्रकार मुख्यतः फ्लोरीनयुक्त आहे. त्याच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग हा केवळ पाणी असतो. दगड हातात घेतल्यावर ही गोष्ट खरी वाटत नाही, परंतु शाळेच्या प्रयोगशाळेत ती सहज दाखविता येते. ती कशी, हे पुढे येईलच.

त्याच्या स्फटिकांची घडण चतुष्कोणीय असते. म्हणजे स्फटिक चौकोनी खांबासारखा वाढतो आणि त्याच्या टोकाला पुष्कळदा चार उतरत्या बाजूंचा कळस असतो. कधी हा कळस सपाट छाटल्यासारखा असतो व स्फटिक ठोकळ्यासारखा दिसतो. खांबाच्या उभ्या बाजूंवर बारीक उभ्या रेघा असतात आणि त्यांची चमक काचेसारखी असते; आडव्या छाटीवर मात्र मोत्यासारखी झळाळी दिसते. या झळाळीमुळे युरोपात त्याला 'माशाचा डोळा' असे नाव पडले होते. या आडव्या दिशेने तो अगदी सहज व गुळगुळीत फुटतो. शास्त्रीय भाषेत यास पूर्ण पाटन म्हणतात. रत्न म्हणून त्याचा वापर मर्यादित राहिला, त्याचे मुख्य कारण हेच पाटन होय. पैलू पाडताना किंचित चूक झाली की खड्याचे दोन तुकडे होतात. शिवाय त्याची कठिनता मोज यांच्या मापश्रेणीत केवळ ४.५ ते ५ भरते. पाचूची कठिनता ७.५ ते ८ असते. अंगठीत बसविलेला अपोफिलाइट रोजच्या वापरात, धुळीतील वाळूच्या घर्षणानेच, थोड्या दिवसांत निस्तेज होईल. म्हणून त्याला मागणी आहे ती दागिन्यांसाठी फारशी नसून संग्राहक व संग्रहालये यांच्याकडून आहे. तीही अखंड, न घासलेल्या, मूळ दगडावर उभ्या असलेल्या स्फटिकांना.

शुद्ध अपोफिलाइट रंगहीन असतो. पांढरा किंवा रंगहीन अपोफिलाइट आइसलँड, फेरो बेटे, अमेरिकेतील न्यू जर्सी अशा अनेक बेसाल्टी प्रदेशांत सापडतो; जर्मनीतील हार्ट्झ पर्वतात व मेक्सिकोत गुलाबी छटेचा मिळतो. खरा हिरवा रंग मात्र विरळा. तो कशामुळे येतो याचा उलगडा अमेरिकन खनिजवैज्ञानिक जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये केला. पुण्याच्या स्फटिकांतून प्रकाश पाठवून त्यातील कोणते रंग शोषले जातात याचे मापन त्यांनी केले आणि हा हिरवेपणा व्हॅनेडियम या धातूच्या अत्यल्प अंशामुळे येतो असे दाखवून दिले. पाचूचा हिरवा रंग प्रायः क्रोमियममुळे असतो. म्हणजे डोळ्यांना दोन्ही हिरवे दिसत असले तरी मुळात दोहोंचे कुळ वेगळे. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून निघालेले कॅव्हान्साइट नावाचे गर्द निळे खनिज जगभर प्रसिद्ध आहे. त्याच्या घडणीतही व्हॅनेडियम हा प्रमुख घटक आहे. आपल्या काळ्या पाषाणात हा धातू सूक्ष्म प्रमाणात असतोच. योग्य स्थिती मिळाली की तो पाण्यात उतरतो आणि कोठे निळा, कोठे हिरवा होऊन पुन्हा प्रकट होतो.

ही योग्य स्थिती समजण्यासाठी थोडे मागे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जावे लागेल. त्या वेळी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून थरांवर थर साचले. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राच्या भूमीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याखाली आहे. प्रत्येक थर थंड होत असताना लाव्ह्यातील वायू वर येऊ लागले. थराचा पृष्ठभाग आधी निवल्यामुळे ते आतच कोंडले गेले आणि त्यांच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पावावरील कवचाखाली जशी जाळी असते तसाच हा प्रकार. काही पोकळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, तर काही माणूस आत बसू शकेल एवढ्या मोठ्या असतात.

पुढे या खडकातून पाणी झिरपत राहिले. खोलवर ते तापले, खडकातील कॅल्शियम, सिलिका, पोटॅशियम विरघळवून घेऊन पोकळ्यांत आले आणि तेथे एकामागून एक खनिजे साचवीत गेले. बहुधा प्रथम हिरव्या मातकट खनिजाचा पातळ लेप, मग स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांसारखी झिओलाइटे, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर अपोफिलाइट असा क्रम दिसतो. ही क्रिया लाव्हा निवताच उरकली असे नाही. अपोफिलाइटाचे काही स्फटिक तर लाव्हा गोठून कोट्यवधी वर्षे लोटल्यावर वाढलेले आहेत. त्याला पुष्कळ पुस्तकांत झिओलाइटांच्या पंगतीला बसवितात, परंतु ते बरोबर नाही. झिओलाइटांत ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांचा त्रिमितीय सांगाडा असतो व पाणी निघून गेले तरी तो टिकतो. अपोफिलाइटाची रचना पानांवर पाने ठेवल्यासारखी असते आणि पाणी गेले की ती ढासळते.

महाराष्ट्रातील या खनिजांकडे जगाचे लक्ष गेले ते रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटात बोगदे व कापणीचे काम केले. १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. त्या कामात निघालेले अपोफिलाइट व झिओलाइटांचे भव्य नमुने इंग्लंडच्या संग्रहालयांत पोहोचले. पुढे पुणे शहर वाढू लागले तशा भोवतालच्या टेकड्यांत दगडाच्या खाणी सुरू झाल्या. त्यांपैकी पाषाण येथील खाणींतून निघालेल्या हिरव्या अपोफिलाइटाची सर आजही क्वचितच कोणाला येते. गावाचे नाव जणू भविष्य जाणूनच ठेवले असावे! ज्या शहरासाठी त्या खाणी चालल्या त्याच शहराच्या विस्तारात त्या मिटल्या. अलीकडच्या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात मोमीन आखाडा येथे एका विहिरीच्या खोदकामात हिरव्या अपोफिलाइटाचे असे नमुने मिळाले की त्या गावाचे नाव परदेशी संग्राहकांच्या तोंडी झाले. त्यांत अनेक स्फटिक एकत्र येऊन बनलेले चेंडूसारखे गोल पुंजकेही होते. नाशिकजवळील पांडवलेणी परिसर आणि आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील खाणी यांतूनही अपोफिलाइट मिळत आले आहे.

मोमीन आखाड्याची हकीकत पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तेथे खाण नव्हती, विहीर होती.

पुणे, नाशिक, जळगाव यांची नावे या संदर्भात घेतली जातात तसे नंदुरबारचे नाव घेतले जात नाही. याचा अर्थ येथील पाषाण वेगळा आहे असा नव्हे. खनिजे उजेडात येतात ती जेथे डोंगर फोडला जातो तेथे, आणि मोठ्या शहरांभोवती तो अधिक फोडला जातो, एवढेच. खडकाच्या दृष्टीने हा जिल्हा सामान्य नाही. नंदुरबार-धुळे परिसरात लाव्ह्याच्या आडव्या थरांना छेदून गेलेल्या उभ्या पाषाणभिंतींचे एक मोठे जाळे आहे. भूशास्त्रात यांना डाइक म्हणतात. आपण भित्ती म्हणू. मुख्यतः पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशा दिशेने त्या धावतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात अशा २१० भित्तींची नोंद आहे. त्यांपैकी सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटर असून जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आहे. शेतांतून सरळ रेषेत गेलेल्या या काळ्या टेकड्या प्रवाशाला कोणी बांधलेल्या तटासारख्या वाटतात. भूजल अडविण्याच्या कामीही त्यांचा मोठा वाटा असतो, कारण भित्ती पाण्याच्या वाटेत आडवी आली की तिच्या वरच्या अंगाची विहीर बरी चालते. पण तो स्वतंत्र विषय आहे.

सातपुड्याच्या पश्चिम टोकाला अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरातेत राजपिपळ्याच्या टेकड्या लागतात. त्या बाजूच्या रतनपूर येथील अकीक खंबायतला जाऊन त्याचे मणी बनतात व ते अतिप्राचीन काळापासून समुद्रापार गेले आहेत. अकीकही याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जन्मलेला. म्हणजे रत्नखड्यांचा व्यापार या प्रदेशाला नवा नाही. नवी आहे ती ओळख पटविण्याची गरज, आणि येथेच शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल.

हिरवा दिसणारा प्रत्येक दगड अपोफिलाइट नसतो. पोकळीच्या भिंतीला चिकटलेला, नखाने खरवडला जाणारा निळसर हिरवा थर हा सेलॅडोनाइट होय. ही हिरवी माती चित्रकारांना फार पूर्वीपासून ठाऊक असून अजिंठ्याच्या भिंतींवरील हिरव्या रंगातही अशीच माती वापरलेली आहे. गुळगुळीत, अर्धपारदर्शक, शेवाळासारख्या हिरव्या तंतूंचा दगड असेल तर तो शेवाळी अकीक. गडद हिरव्यावर तांबडे ठिपके असलेला तो रक्ताश्म. हे दोन्ही काचेवर ओरखडा काढतात, कारण त्यांची कठिनता ६.५ ते ७ असते. फिकट हिरवे, द्राक्षांच्या घडासारखे गोळे असतील तर ते प्रेहनाइट असण्याचा संभव आहे. मुंबईच्या उपनगरांतील जुन्या खाणींतून ते पुष्कळ निघाले. शेवटी, नदीच्या वाळूत झिजलेली बाटलीची काच हाही एक फसवा 'पाचू' आहेच.

अपोफिलाइटाची परीक्षा सोपी आहे. मात्र ती सुटलेल्या लहान तुकड्यावरच करावी, चांगल्या स्फटिकावर कधीही नको. प्रथम आकार पाहावा. खांब चौकोनी असेल तर अपोफिलाइट संभवतो. पाचूचा खांब षट्कोनी असतो. मग चाकूचे टोक दाबून ओढावे. अपोफिलाइटावर ओरखडा उठतो, पाचूवर उठत नाही. तिसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. तुकडा तराजूत तोलून नंतर दोऱ्याने पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा. हवेत २४ ग्रॅम भरणारा अपोफिलाइट पाण्यात सुमारे १० ग्रॅमने हलका होतो, म्हणजे त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.४, पाचूचे सुमारे २.७ असते. काचेचे २.५ च्या आसपास येत असल्यामुळे या एका परीक्षेवर विसंबू नये. काचेला पाटन नसते, तिच्या फुटीवर शिंपल्यासारखी वर्तुळे दिसतात.

चौथा प्रयोग विद्यार्थ्यांना सर्वांत आवडेल. मोहरीएवढा कण कोरड्या परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवावा. डोळ्यांपुढे संरक्षक काच अवश्य असावी, कारण कण तडतडण्याचा संभव असतो. थोड्या वेळात कण पांढरा होऊन त्याचे पापुद्रे सुटतात आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. कोट्यवधी वर्षे स्फटिकात कोंडलेले पाणी मुलांना त्या क्षणी दिसते. पाठ्यपुस्तकातील 'स्फटिकजल' हा शब्द त्यानंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाचूविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाचूला बेरिलियम हे मूलद्रव्य लागते आणि ते आपल्या काळ्या पाषाणात नगण्य असते. भारतात पाचू राजस्थानच्या अजमेर-उदयपूर पट्ट्यात सापडतो, पण तेथील खडक सर्वस्वी निराळे आहेत. तेव्हा दख्खनच्या पाषाणातील विहिरीतून पाचू निघाल्याची वार्ता कोणी आणली, तर ती ऐकून घेऊन शांतपणे चाकू मागवावा.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, अन्यथा तरतूद नसेल तेथे, भूमीवरील व भूमीखालील खनिजांचा हक्क शासनाकडे निहित आहे. जमीन आपली म्हणून त्यातील खनिजही आपसूक आपले, ही समजूत त्यामुळे धोक्याची ठरते. अकीक व जास्पर यांचा समावेश २०१५ मध्ये केंद्र शासनाने गौण खनिजांत केलेला आहे. विहिरीतून निघालेला दगड विक्रीसाठी हलविण्यापूर्वी तहसील कार्यालयाकडे अथवा जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेकडे चौकशी करावी, म्हणजे पुढे दंडाची नोटीस हाती पडत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्यातील नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्णतः, तर नंदुरबार व शहादा हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. संसदेने १९९६ मध्ये संमत केलेल्या, 'पेसा' या नावाने परिचित असलेल्या कायद्यान्वये अशा क्षेत्रात गौण खनिजांचा पूर्वेक्षण परवाना किंवा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. महाराष्ट्राने त्यासाठीचे नियम २०१४ मध्ये केले. खाणपट्ट्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा चर्चा प्रायः खडी, रस्ता आणि धूळ यांपुरती राहते. डोंगराच्या पोटात याखेरीज काय असू शकते, हे ठाऊक असलेला एक जरी सदस्य सभेत असेल, तरी अटी घालताना त्याचा उपयोग होईल. उदाहरणार्थ, पोकळ्यांचा थर लागल्यास भूवैज्ञानिकांना कळविण्याची अट घालण्याची मागणी सभा करू शकते. अशी अट खर्चाची नाही. कामही फार अडत नाही.

पोकळी उघडी पडली तर काय करावे, हे खोदणाऱ्या कारागिरांना आधीच सांगून ठेवावे. घाईने हात घालू नये; स्फटिकांची टोके धारदार असतात व सुरुंगाने सैल झालेला खडक केव्हाही ढासळतो. आधी छत व बाजू पाहून सैल दगड काढावेत. स्फटिक एकेक उपटू नये. सुटा स्फटिक आणि आपल्या बैठकीसह निघालेला स्फटिक यांच्या शास्त्रीय व बाजारी, दोन्ही मोलांत फार अंतर असते. म्हणून छिन्नीने भोवतालचा खडक लांबून कापीत संपूर्ण तुकडा सोडवावा. पुण्याच्या खाणींतील पाथरवटांनी ही कला अशी साधली होती की वीतभर स्फटिकाचे टोकही दुखावत नसे. नमुना साध्या पाण्याने व मऊ कुंचल्याने धुवावा. आम्ल वापरू नये, कारण तीव्र आम्लात अपोफिलाइटाचे विघटन होते. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये.

त्यानंतर जुन्या कापडात व कागदात गुंडाळून तो नमुना टोपलीत कोंडा भरून ठेवावा आणि सोबत एक चिठ्ठी घालावी. चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली आणि तारीख एवढे लिहिले तरी पुरे. ही चिठ्ठी नसेल तर सर्वांत सुंदर स्फटिकही अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धा निरुपयोगी ठरतो. पुढील तपासणीसाठी राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय ही दोन्ही नागपुरात आहेत. सहलीच्या निमित्ताने शाळांना उत्तम नमुने पाहावयाचे असतील तर नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे गारगोटी खनिजसंग्रहालय आहे. खोदणारी माणसे ज्या नावाने हे स्फटिक ढिगावर टाकतात, तेच नाव तेथे दारावर लिहिलेले आहे.